दंतरोपण

दंतरोपण : पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात कृत्रिम मूळ बसवून त्याच्या आधारावर कृत्रिम दात उभारण्याच्या शस्त्रक्रियेस दंतरोपण म्हणतात. या कृत्रिम मुळास प्रस्तुत नोंदीत ‘दंतरोप’ असे म्हटले असून व्यवहारात त्यासाठी ‘इंप्लांट’ हाच शब्द रूढ आहे. त्याचे सामान्यतः तीन भाग असतात : हाडात रुतलेला स्क्रूच्या आकाराचा धातूचा भाग, हिरडीतून वर येणारा जोडभाग आणि त्यावर बसविलेले, ‘कॅप’ म्हणून ओळखले जाणारे दंतशिखर. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते आणि दंतसेतू शेजारचे दात कोरून त्यांवर बसवावा लागतो. दंतरोप मात्र दुसऱ्या दाताचा आधार न घेता स्वतः हाडात उभा राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

गेलेल्या दाताच्या जागी दुसरा दात रोवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. परंतु भरवशाचे दंतरोपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच शक्य झाले. मधल्या काळातील प्रयत्न फसले, त्याचे मुख्य कारण दाताचा आकार साधत नव्हता हे नसून परक्या पदार्थाच्या सान्निध्यात जिवंत हाड कसे वागते, याचे ज्ञान नव्हते हे होते. दंतरोपणाचा इतिहास हा बव्हंशी हाड आणि परका पदार्थ यांमधील सीमारेषेचा इतिहास आहे.

गरज : नैसर्गिक दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ व हाड यांच्या दरम्यान तंतूंचा एक पातळ थर असतो. त्यास परिदंत बंध म्हणतात. चावताना येणारा दाब हा बंध झेलतो, हाडाकडे पोहोचवितो आणि त्यातील तंत्रिका (मज्जातंतू) दाबाची जाणीव मेंदूला देतात. दात गेला की हा बंधही नाहीसा होतो आणि ज्या हाडाने दाताला धरून ठेवले होते ते हळूहळू झिजू लागते. संपूर्ण कवळी वापरणाऱ्या रुग्णांची २५ वर्षांपर्यंत पाहणी करून १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंत्ये टॉलग्रेन यांच्या अभ्यासात असे दिसून आले, की ही झीज दीर्घकाळ चालू राहते आणि खालच्या जबड्याच्या पुढील भागात ती वरच्या जबड्याच्या सु. चौपट असते. हाड झिजून सपाट झाले की कवळीला धरावयास जागा उरत नाही. खालची कवळी बोलताना व जेवताना उचलली जाते, हिरडीला जखमा होतात आणि मनुष्य मऊ अन्नापुरता मर्यादित राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कठीण केलेल्या रबराच्या आणि १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक प्लॅस्टिकाच्या कवळ्या आल्या. त्यांमुळे कवळी स्वस्त व सुबक झाली. पण झिजणाऱ्या हाडाचा प्रश्न तसाच राहिला.

प्राचीन प्रयत्न : इटलीतील इट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या दातांना बांधलेले दात सापडले आहेत. त्यांतील सर्वांत जुने नमुने इ. स. पू. सातव्या शतकातील मानले जातात. तथापि हे दंतसेतूचे पूर्वरूप होय. हाडात रोवलेला दात नव्हे. या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा मध्य अमेरिकेतील आहे. होंडुरासमधील प्लाया दे लोस मुएर्तोस या ठिकाणी १९३१ मध्ये विल्सन पॉपनो व त्यांच्या पत्नी डॉरथी यांना माया संस्कृतीतील एका व्यक्तीच्या खालच्या जबड्याचा तुकडा सापडला. तो इ. स. ६०० च्या सुमाराचा समजला जातो. त्यातील तीन पटाशीच्या दातांच्या खोबणींत शिंपल्यापासून दाताच्या आकाराचे कोरलेले तुकडे बसविलेले होते. मृत्यूनंतर सजावटीसाठी हे तुकडे बसविले असावेत, असा प्रथम समज होता. ब्राझीलमधील आमादेओ बोबिओ यांनी १९७० मध्ये या जबड्याची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा दोन तुकड्यांभोवती नवे घट्ट हाड तयार झाल्याचे त्यांना आढळले. हाड वाढते ते जिवंत माणसाचेच. त्यामुळे हे रोपण त्या व्यक्तीच्या हयातीत झाले असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. फ्रान्समधील काही प्राचीन दफनांत दाताच्या जागी लोखंडी खिळे मिळाले आहेत. मात्र ते जिवंतपणी बसविले, की अंत्यसंस्काराच्या वेळी, याबाबत मतभेद आहेत.

माणसाचे दात माणसाला : यूरोपात अठराव्या शतकापर्यंत कृत्रिम मुळापेक्षा दुसऱ्या माणसाचा दात बसविण्याकडे अधिक ओढा होता. लंडनमधील विख्यात शल्यचिकित्सक जॉन हंटर (१७२८–९३) यांनी या प्रथेला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. मानवी दातांवरील त्यांचे ग्रंथ १७७१ व १७७८ मध्ये प्रसिद्ध झाले. हंटर यांनी माणसाचा ताजा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला आणि तो तेथे रुजला असे त्यांचे मत झाले. हा नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात जतन केलेला आहे. निरोगी तरुण व्यक्तीचा दात काढून तो लगेच रुग्णाच्या खोबणीत बसवावा आणि पहिला दात नीट न बसल्यास उपयोगी पडावेत म्हणून दात देणारे अनेक जण तयार ठेवावेत, अशी त्यांची सूचना होती.

हे दात देणारे अर्थात गरीब असत. थोड्या पैशांसाठी ते आपले निरोगी दात उपटू देत आणि श्रीमंतांच्या तोंडात ते बसविले जात. टॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकाराने १७८७ मध्ये काढलेल्या एका चित्रात धुराडी साफ करणाऱ्या एका पोराचा दात काढून तो उच्चभ्रू स्त्रीला बसविला जात असल्याचे दृश्य आहे; त्यावरून या व्यवहाराविषयी तत्कालीन समाजात निर्माण झालेली चीड दिसते. असे दात फार काळ टिकत नसत. शरीर परक्या व्यक्तीचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) नाकारते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. काही महिन्यांत किंवा काही वर्षांत दाताचे मूळ विरघळून जाई. शिवाय उपदंशासारखे रोग दातांबरोबर एकाकडून दुसऱ्याकडे जात असल्याच्या तक्रारी होऊ लागल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मागे पडली. कवळ्यांसाठी मात्र माणसांचे दात वापरले जातच होते. १८१५ मधील वॉटर्लूच्या लढाईत मरण पावलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले आणि ‘वॉटर्लूचे दात’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला.

धातूची मुळे : १८०९ मध्ये फ्रेंच दंतवैद्य माज्जोलो यांनी आपल्या ग्रंथात सोन्याचे मूळ ताज्या खोबणीत बसविण्याची रीत वर्णिली. जखम भरेपर्यंत मुळावर दात न बसविता थांबण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले होते. परिणाम समाधानकारक नव्हता. तथापि थांबण्याची ही कल्पना पुढे दीड शतकाने निर्णायक ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी माती, प्लॅटिनम, चांदी, शिसे इ. अनेक पदार्थ वापरून पाहण्यात आले. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया (१८६७), व्हिल्हेल्म राँटगेन यांचा क्ष-किरणांचा शोध (१८९५) आणि प्रोकेन हे स्थानिक संवेदनाहारक औषध (१९०५) यांमुळे जबड्यावरील शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली. पण रोवलेले मूळ मात्र सैल होऊन पडतच राहिले.

अमेरिकेतील कॅनझस राज्यातील विचिटॉ येथील ई. जे. ग्रीनफील्ड यांनी १९१३ मध्ये सादर केलेली रचना या काळातील सर्वांत विचारपूर्वक केलेली होती. इरिडियम-प्लॅटिनमाच्या तारेचा पोकळ जाळीदार दंडगोल सोन्याने सांधून त्यांनी मूळ तयार केले. हाडात नळीसारख्या गोल करवतीने वर्तुळाकार खाच पाडावयाची, मधला हाडाचा गाभा तसाच ठेवावयाचा आणि त्याभोवती हा दंडगोल बसवावयाचा, म्हणजे हाड जाळीतून वाढून त्याला धरील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाडाला कमीत कमी इजा, खाच व मूळ यांची अचूक जुळणी आणि दात बसविण्यापूर्वी थांबणे ही आजच्या पद्धतीची तीन तत्त्वे त्यांच्या विचारात बीजरूपाने आढळतात.

अस्थिशल्यचिकित्सेत मोडलेली हाडे जोडण्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम व मॉलिब्डेनम यांचा ‘व्हायटॅलियम’ हा न गंजणारा मिश्रधातू १९३० नंतरच्या दशकात यशस्वी ठरला. त्यावरून बॉस्टन येथील ॲल्व्हिन व मोझेस स्ट्रॉक या बंधूंनी त्याचे स्क्रू जबड्यात बसविले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील मान्लिओ फॉर्मिज्जीनी यांनी तारेच्या मळसूत्राकार मुळाचा पुरस्कार केला. स्वीडनमध्ये गुस्टाव्ह डाल यांनी हाडात न शिरता हाडावर, हिरडीखाली बसणारा धातूचा सांगाडा तयार केला. अमेरिकेतील लेनर्ड लिंको (१९२६–२०१७) यांनी १९६० नंतरच्या दशकात हाडात पाडलेल्या उभ्या चिरेत ठोकावयाची पात्यासारखी चपटी रचना प्रचारात आणली आणि ती हजारो रुग्णांत वापरली गेली.

या बहुतेक रचनांभोवती काही काळाने तंतुमय ऊतकाचे वेष्टन तयार होई. वस्तुतः ती शरीराने परक्या पदार्थाला वेगळे पाडण्याची क्रिया होती. परंतु नैसर्गिक दाताभोवतीही तंतू असतात, या साम्यामुळे हे वेष्टन म्हणजे परिदंत बंधाचीच प्रतिकृती होय, असे अनेक दंतवैद्य मानू लागले. दंतरोप थोडा हलणे हे त्यामुळे दोष न वाटता स्वाभाविक वाटे. या समजुतीत मूलभूत चूक होती. परिदंत बंधाचे तंतू मुळात व हाडात दोन्हीकडे रुजलेले असतात. वेष्टनाचे तंतू मात्र धातूला समांतर, नुसते गुंडाळलेले असतात. त्यांमुळे दाब झेलला जात नसे. वेष्टन जाड होत जाई, जंतूंना वाट मिळे आणि अखेर दंतरोप हाडासकट निकामी होई.

टिटॅनियम : या कोंडीतून बाहेर पडण्यास कारणीभूत झालेल्या टिटॅनियम धातूचे मूलद्रव्य इंग्लंडमधील विल्यम ग्रेगर यांनी १७९१ मध्ये शोधले आणि १७९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एम. एच. क्लाप्रोट यांनी त्याला नाव दिले. इल्मेनाइट हे त्याचे एक प्रमुख खनिज असून भारतात केरळच्या व रत्‍नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत ते आढळते. मात्र शुद्ध धातू मिळविणे अत्यंत अवघड असल्याने विल्यम क्रोल यांची पद्धत १९४० च्या सुमारास उपलब्ध होईपर्यंत तो व्यवहारात आला नव्हता. हवेचा संपर्क होताच टिटॅनियमाच्या पृष्ठावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा थर तयार होतो आणि हा थर धातूला शरीरातील द्रवांपासून अलिप्त ठेवतो. बॉथ, बीटन व डॅव्हनपोर्ट यांना १९४० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत टिटॅनियमाशी हाड एकजीव होऊ पाहते असे आढळले होते. गॉटलीब लेव्हेंथल यांनी १९५१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी या धातूची शिफारस केली. या निरीक्षणांचा दातांशी संबंध मात्र कोणी जोडला नाही.

ब्रोनमार्क यांचे कार्य : तो संबंध जोडणारे पेर-इंगवार ब्रोनमार्क (१९२९–२०१४) हे दंतवैद्य नव्हते. ते स्वीडनमधील वैद्यक व शारीर या विषयांचे संशोधक होते आणि हाडाच्या मज्जेतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. १९५० नंतरच्या दशकात लुंड येथे त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात भिंगांची सोय असलेली एक छोटी धातूची कुपी बसविली. तीतून जिवंत हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाने पाहता येत. प्रयोग संपल्यावर महाग कुपी पुन्हा वापरण्यासाठी काढावी म्हटले, तर टिटॅनियमाची कुपी हाडातून निघेना. हाड तिच्या पृष्ठाला घट्ट धरून बसले होते.

पुढे गॉथनबर्ग येथे ब्रोनमार्क यांनी कुत्र्यांच्या जबड्यांत टिटॅनियमाची मुळे बसवून अनेक वर्षे निरीक्षणे केली. त्यानंतर १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या रुग्णावर पहिली शस्त्रक्रिया करण्यात आली. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतः व्यंग होते, खालच्या जबड्यात दात नव्हते आणि त्यांना चावणे व बोलणे कष्टाचे होई. त्यांच्या खालच्या जबड्यात चार दंतरोप बसवून त्यांवर स्थिर दात उभारले. ते दंतरोप सु. चाळीस वर्षे, म्हणजे लार्सन यांच्या अखेरीपर्यंत, कामी आले. जिवंत हाड आणि भार वाहणारा रोप यांच्यामध्ये कोणताही तंतुमय थर न राहता जो थेट सांधा तयार होतो, त्याला ब्रोनमार्क यांनी १९७७ मध्ये ‘ऑसिओइंटिग्रेशन’ अशी संज्ञा दिली. तिला मराठीत अस्थि-एकात्मता म्हणता येईल.

पद्धती : ब्रोनमार्क यांच्या मूळ पद्धतीत ३·७५ मिमी. व्यासाचा शुद्ध टिटॅनियमाचा स्क्रू वापरीत. हिरडी उघडून, थंड क्षारद्रावणाची धार धरून, कमी वेगाने फिरणाऱ्या सामत्यांनी हाडाला टप्प्याटप्प्याने भोक पाडीत. ही सावधगिरी निष्कारण नव्हती. हाड ४७° से. तापमानाला एक मिनिट राहिले तरी त्याला इजा पोहोचते, असे ए. आर. एरिक्सन व टोमस आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. आणि इजा झालेल्या हाडाच्या जागी हाड न येता तंतुमय ऊतक येते. स्क्रू बसविल्यावर हिरडी शिवून तो पूर्ण झाकून टाकीत आणि खालच्या जबड्यात सु. तीन, तर वरच्या जबड्यात सु. सहा महिने त्यावर कोणताही भार येऊ देत नसत. या काळात स्क्रूभोवतीचे दुखावलेले हाड शोषले जाऊन त्या जागी नवे हाड येते. नंतर दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने हिरडी उघडून जोडभाग व त्यावर दात बसवीत. अस्थि-एकात्मता ही पदार्थ, रोपाची घडण, त्याचे पृष्ठ, हाडाची स्थिती, शस्त्रक्रियेचे तंत्र आणि भार या सहा गोष्टींवर अवलंबून असते, असे आल्ब्रेक्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडले. त्यांतील एक जरी बिघडली, तरी उत्कृष्ट धातूही उपयोगी पडत नाही.

वाद आणि मान्यता : ब्रोनमार्क यांच्या निष्कर्षांना त्यांच्याच देशातील दंतवैद्यकाच्या प्राध्यापकांनी दीर्घकाळ विरोध केला. हा विरोध केवळ मत्सरातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आधीच्या दोन पिढ्यांनी अनेक रचनांची आश्वासने ऐकली होती आणि त्यांनी उद्ध्वस्त केलेले जबडे दुरुस्त करण्याचे काम याच दंतवैद्यांच्या वाट्याला आले होते. शिवाय तत्कालीन तंत्राने हाडाचा पातळ छेद घेताना प्रथम धातू काढावा लागे. त्यामुळे ज्या सीमारेषेविषयी वाद होता तीच नष्ट होई. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंद्रे श्रोडर यांनी १९७६ मध्ये धातूसकट घेतलेल्या छेदांत हाड व टिटॅनियम यांचा प्रत्यक्ष संपर्क दाखविला. जर्मनीतील कार्ल डोनाट यांनी असे छेद घेण्याचे तंत्र विकसित केल्यावर (१९८२) हा मुद्दा निर्विवाद झाला.

मान्यता मिळाली ती मुख्यतः दीर्घकालीन नोंदींमुळे. १९७८ मध्ये अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठात भरलेल्या तज्ञांच्या परिषदेने तोवरच्या सर्व प्रकारच्या दंतरोपांचा आढावा घेतला. पाच वर्षांनंतर ७५% रोप कामी येत असणे, हे यशाचे प्रमाण म्हणून स्वीकारले गेले; रोप एक मिमी. पर्यंत हलला तरी तो ग्राह्य मानला गेला. १९८१ मध्ये रॅगनार आडेल व ब्रोनमार्क यांच्या गटाने १५ वर्षांच्या काळातील ३७१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णांची निवड न करता उपचार घेतलेल्या सर्वांची क्रमाने नोंद तीत होती आणि अपयशेही मोजलेली होती. प्रमाणित पद्धतीनंतरच्या काळात वरच्या जबड्यातील ८१% आणि खालच्या जबड्यातील ९१% रोप स्थिर राहिले होते. पुढील वर्षी टोराँटो विद्यापीठातील जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यक महाविद्यालयांसमोर ही माहिती मांडली गेली आणि ही शस्त्रक्रिया विद्यापीठीय शिक्षणात आली. आल्ब्रेक्टसन, झार्ब इत्यादींनी १९८६ मध्ये सुचविलेल्या निकषांनुसार रोप मुळीच हलता कामा नये. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज प्रतिवर्षी ०·२ मिमी. पेक्षा कमी असावी आणि पाच वर्षांनंतर किमान ८५%, तर दहा वर्षांनंतर किमान ८०% रोप यशस्वी असावेत. आठ वर्षांच्या अवधीत ‘थोडे हलणे चालेल’ येथून ‘मुळीच हलू नये’ येथपर्यंत झालेला हा बदल दंतरोपणाच्या इतिहासातील खरी क्रांती दर्शवितो.

उत्पादनासाठी ब्रोनमार्क यांनी १९७८ मध्ये स्वीडनमधील बोफोर्स कंपनीशी करार केला. तोफांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीकडे धातुकामातील अचूकता होती. भारतीयांना पुढे वेगळ्याच संदर्भात परिचित झालेले हे नाव अशा रीतीने दंतवैद्यकाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

नंतरची प्रगती : १९९० नंतरच्या दशकात वाळूचा मारा करून व आम्लाने खरवडून टिटॅनियमाचे पृष्ठ सूक्ष्म प्रमाणात खडबडीत करण्यात येऊ लागले, त्यामुळे हाड अधिक लवकर जुळते आणि थांबण्याचा काळ अनेक रुग्णांत काही आठवड्यांवर आला. वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळीमुळे हाड अपुरे पडते, तेथे पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया हिल्ट टेटम यांनी विकसित केली व पी. जे. बॉइन आणि आर. ए. जेम्स यांनी १९८० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. संगणकीय क्ष-किरण छेदचित्रणामुळे हाडाची उंची, रुंदी व तंत्रिकेचा मार्ग शस्त्रक्रियेपूर्वीच मोजता येतो. पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी एका जबड्यातील सर्व दात चार दंतरोपांवर व तेही त्वरित उभारण्याची पद्धत प्रचारात आणली (२००३). धातूऐवजी झिर्कोनिया या मृत्तिका पदार्थाचे दंतरोपही उपलब्ध आहेत. अस्थि-एकात्मतेचे तत्त्व दातांपुरते मर्यादित राहिले नाही. १९७७ पासून कवटीच्या हाडात रोवलेल्या खिळ्यावर श्रवणयंत्र आणि १९९० पासून मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्यावर कृत्रिम पाय बसविण्याचे कार्य गॉथनबर्ग येथेच सुरू झाले.

मर्यादा : दहा वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक दंतरोप जागेवर असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले असले, तरी दंतरोप हा नैसर्गिक दाताला पर्याय नव्हे, तो नसलेल्या दाताला पर्याय आहे. त्याला परिदंत बंध नसल्याने चावण्याच्या दाबाची जाणीव मंद असते. हिरडीचे तंतू त्यात रुजत नाहीत. त्यामुळे अस्वच्छता राहिल्यास जंतू सहज खोल उतरतात आणि रोपाभोवतीचे हाड झिजू लागते. या विकाराची दखल १९८० नंतरच्या दशकापासून गांभीर्याने घेतली जात असून तो एकदा बळावल्यावर आटोक्यात आणणे कठीण असते. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचा पूर्वीचा रोग यांमुळे त्याचा धोका वाढतो. जबड्यावर किरणोपचार झालेल्या किंवा अस्थिविरळतेवर काही औषधे घेणाऱ्या रुग्णांत विशेष विचार करावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांत दंतरोप सामान्यतः बसवीत नाहीत. कारण शेजारचे दात जबड्याबरोबर वाढतात व तो मात्र तेथेच राहतो. वाचविता येण्याजोगा दात काढून त्या जागी दंतरोप बसविणे म्हणूनच उचित नाही.

सामाजिक बाजू : या उपचारांचा सर्वाधिक लाभ ज्यांचे सर्व दात गेले आहेत अशा वृद्धांना होतो, परंतु खर्च कवळीच्या अनेक पट असल्याने त्यांच्यातील फार थोड्यांना तो परवडतो. माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात २००२ मध्ये भरलेल्या तज्ञांच्या बैठकीने, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन दंतरोपांवर आधारलेली कवळी हाच प्राथमिक उपचार मानावा, अशी शिफारस केली. दोन रोपांमुळे कवळी जागेवर राहते आणि खर्चही आटोक्यात येतो, हा त्यामागील विचार होय. भारतात दंतरोपण मुख्यत्वे खाजगी दवाखान्यांत व दंतवैद्यक महाविद्यालयांत केले जाते. तंबाखू व हिरड्यांचे रोग यांमुळे दात गमावलेल्यांची संख्या येथे मोठी असून त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला कवळी येते किंवा तीही येत नाही. अठराव्या शतकात गरिबाचा दात श्रीमंताला बसविला जाई. तो व्यवहार संपला. मात्र पोट भरून चावता येण्याचे सुख पैशावर अवलंबून असण्याची स्थिती अद्याप संपलेली नाही. दात गमावण्यास कारणीभूत होणारे रोग बव्हंशी टाळता येण्याजोगे असल्याने नैसर्गिक दात टिकविणे हाच सर्वांना परवडणारा उपाय राहतो. [⟶ कवळी, टिटॅनियम, दंतवैद्यक].